खिशात न घातलेली पावती

पुंजाराम गायधनी चालताना दोन्ही हात अंगापासून जरा लांब ठेवतो. नवीन माणसाला वाटतं, काखेत गळू झालं असावं. तसं काही नाही. आमच्या नाशिकच्या नोटांच्या छापखान्यात आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा झडती होते. छत्तीस वर्षं रोज दोनदा हात वर केल्यावर ते पुन्हा अंगाला नीट चिकटत नसावेत.

मी त्याच छापखान्याच्या हिशेब खात्यात आहे. बी.कॉम. झाल्यावर लागलो, येत्या मार्चअखेर सुटेन. पुंजाराम मोजणीत होता. पळशाच्या शेतकरी घरातला, चार भावांत तिसरा. चोविसाव्या वर्षी लागला तो निवृत्तीपर्यंत मोजतच राहिला. जेल रोडला राहायला आमची एकच इमारत, तो तळमजल्यावर आणि मी त्याच्या डोक्यावर. वयाने तो माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठा, तरी मला भाऊसाहेब म्हणतो. गावाकडे हिशेब लिहिणाऱ्याला म्हणतात तसं.

त्याची गोष्ट सांगायची तर आधी शहाण्णव सालची एक दुपार सांगावी लागेल. त्या दिवशी त्याच्या गठ्ठ्यात एक कागद कमी भरला. मोजणीत नंबर पडलेला एक कागद कमी आला की सगळं जागच्या जागी थांबतं. दारं बंद होतात, कोणी घरी जात नाही. दोनशे माणसं पाच तास उभी होती. बायांची लेकरं घरी, दुसरी पाळी दाराबाहेर ताटकळलेली, आणि सगळ्यांच्या नजरा पुंजारामवर. कागद शेवटी ढकलगाडीच्या पत्र्याच्या फटीत सापडला. त्याला कोणी काही बोललं नाही. तो मात्र तीन महिने धड जेवला नाही, असं त्याच्या पत्नी मीनावहिनी सांगतात.

तेव्हापासून त्याचे दोन नियम झाले. काही हरवलं, तर कोणी विचारायच्या आत आपण सांगायचं. आणि नंबर असलेला कागद कधीच खिशात घालायचा नाही. दुसरा नियम आमच्याकडे सगळ्यांनाच आहे, पण बाकीचे तो दारातच सोडून येतात. पुंजाराम बसचं तिकीटसुद्धा बोटांत धरून उतरायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला तो निवृत्त होणार होता. त्याच्या आधी त्याने जुनी गाडी घेतली. छोटी, पांढरी, द्वारका सर्कलजवळच्या एका माणसाकडून. गाडी चालवायला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकला होता. तिसऱ्या गिअरच्या वर तो सहसा जात नसे. चौथा साहेब लोकांचा, म्हणायचा.

बारा तारखेच्या रविवारी मीनावहिनींना सप्तशृंगीच्या गडावर जायचं होतं. नवरात्राची आणि कोजागिरीची गर्दी ओसरली होती. पुंजारामने शुक्रवारीच अर्ज दिला: रविवारी मुख्यालय सोडून गडावर जाण्यास परवानगी मिळावी. सुटीच्या दिवशी असा अर्ज देणारा विभागात तो एकटाच. ‘ठिकाण’ या रकान्यात त्याने लिहिलं, सप्तशृंगी गड, नाशिक जिल्हा. सोबतीला म्हणून मला घेतलं.

दर्शन दहालाच झालं. खाली नांदुरीत चहा घेताना मीनावहिनी म्हणाल्या की सापुतारा इथून तासभराच्या अंतरावर आहे. साठीला आले, पण महाराष्ट्राच्या बाहेर पाऊल नाही टाकलं. लेक निकिता तिकडे पुण्याहून विमानाने कुठे कुठे जाते, आणि आपण शेजारचं गाव बघायचं नाही?

पुंजारामने कप खाली ठेवला. “अर्जात गड लिव्हलाय,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “रविवारी कोण विचारतंय?”

हे वाक्य माझं आहे. पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

बोरगावचा घाट त्याने दुसऱ्या गिअरमध्ये चढवला. हतगड मागे पडलं. एका वळणावर गुजराती अक्षरांची कमान दिसली आणि तिच्या अलीकडे पुंजारामने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, काच वर केली, उतरला. कागदांची फाइल काढून त्याने लायसन, गाडीचं पुस्तक, विमा, पीयूसी आणि छापखान्याचं ओळखपत्र बॉनेटवर ओळीने मांडलं. मग गाडीच्या पुढे उभा राहिला, हात अंगापासून लांब धरून.

मला क्षणभर काही समजेना. मग लक्षात आलं, तो झडतीला उभा होता.

तिथे झडती घेणारं कोणी नव्हतं. मागून येणारी बस वळणावर अडकली, तिच्यामागे दोन जीप, एक टेंपो. हॉर्न सुरू झाले. शंभरेक पावलांवरच्या चौकीतून एक जमादार चालत आला. त्याने आधी गाडीकडे, मग बॉनेटवरच्या कागदांकडे पाहिलं.

“किसने रोका?”

“किसीने नहीं रोका, साब.”

“तो रुके क्यूं?”

“गेट है ना,” पुंजाराम म्हणाला.

जमादाराने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग शांतपणे सांगितलं की हे वळण आहे, इथे थांबायला मनाई आहे, पाटी लावलेली आहे. पाटी होती, गुजरातीत. पाचशे रुपये दंड. पुंजारामने वाद घातला नाही, दोन्ही हातांनी पैसे दिले. जमादाराने कार्बन घातलेल्या पुस्तकातून पिवळी पावती फाडून दिली. नाव, गाडीचा नंबर, तारीख बारा, ठिकाण सापुतारा, आणि वर कोपऱ्यात तांबड्या शाईत पावतीचा क्रमांक.

पुंजारामने गाडी पुढे नेली. त्याने पावती घडी न करता समोरच्या फळीवर सपाट ठेवली होती आणि तिच्यावर चष्म्याचं घर. मी म्हटलं, खिशात टाका. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नको ते सुचवलं होतं.

वरच्या पठारावर वारा खूप होता. गाडी उभी राहिली, मीनावहिनींनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं, मी माझं उघडलं आणि गाडीतून वारा आरपार गेला. चष्म्याचं घर पडलं. पावती एकदा काचेला आपटली, मग माझ्या कानाजवळून बाहेर गेली.

पुंजाराम तिच्यामागे धावला. साठीचा माणूस इतका जोरात धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. पावती कठड्यापाशी थबकली, त्याने हात लांबवला, आणि ती दरीवर गेली. त्याने कठड्यावर पाय टाकला. खाली सरळ कडा होता. मीनावहिनींनी मागून त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. ओरडल्या नाहीत. फक्त “अहो” म्हणाल्या आणि धरून राहिल्या. शर्ट बगलेत उसवला तरी सोडला नाही.

पावती बराच वेळ दिसत होती. पिवळा ठिपका खाली खाली जात राहिला, मग झाडीत गेला.

पुंजाराम खाली बसला. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं देवीचं नाव घेतोय. जवळ गेल्यावर कळलं की तो पावतीचा क्रमांक म्हणत होता.

मी शेजारी बसून समजावलं. स्थळप्रत त्यांच्या पुस्तकात आहे, दंड भरलेला आहे, आपल्याकडची प्रत हरवली तर काही बिघडत नाही. मी आयुष्यभर पावत्या पाहिल्यात. तो मान हलवत राहिला. त्याचा हिशेब वेगळा होता. तारीख बारा. ठिकाण सापुतारा. नाव त्याचं. कोणाला तरी ती सापडेल, कोणीतरी पाठवेल, आणि ऑफिसात त्याच तारखेचा त्याच्या सहीचा अर्ज आहे, ज्यावर गड लिहिलं आहे. निवृत्तीच्या आधी सचोटीचा दाखला लागतो. ती सही आली नाही तर एकतीस तारखेला तो दारातून बाहेर पडणार नाही.

“एक कागद कमी आहे, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “माझ्या नावावर.”

त्याच्या कपाळावर घाम होता. शहाण्णवच्या त्या दुपारची दोनशे माणसं त्याला दिसत असणार.

मग तो उठला आणि म्हणाला की चौकीवर जाऊन सांगायचं. कोणी विचारायच्या आत.

मीनावहिनी पदराने डोळे पुसत गाडीत बसल्या. “देवीच्या दारातनं निघालो, आता पोलिसांच्या दारात,” एवढंच त्या बोलल्या. तळं, बाजार, काही पाहिलं नाही.

चौकीत तोच जमादार डबा खात होता. पुंजारामने त्याच्या हिंदीत सगळं सांगितलं. पावती उडाली, दरीत गेली, आपली चूक आहे, लिहून घ्या. जमादाराने हात धुतले. त्याचा चेहरा बदललेला मला दिसला. त्याच्या जागी मी असतो तरी तेच वाटलं असतं. पाचशेच्या पावतीसाठी कोण परत येतं? आधी वळणावर आपणहून थांबलेला, आता आपणहून चौकीत आलेला, घामाने भिजलेला, शर्ट फाटलेला, नाशिकच्या गाडीचा माणूस. गुजरातेत दारूबंदी आहे आणि हा रस्ता महाराष्ट्रातून येतो. तिथे बसलेल्या पोलिसाला दिवसभर एकच प्रश्न असतो.

त्याने दुसऱ्या शिपायाला हाक मारली आणि पुंजारामला म्हणाला, तलाशी देना पडेगा.

पुंजारामचे हात आपोआप वर गेले. मग जमादाराने काही सांगायच्या आत त्याने खिसे उलटे करून बाहेर काढले, चपला काढून त्यांचे तळवे दाखवले, कॉलर उलटी केली, सावकाश गोल फिरला, आणि शेवटी तोंड उघडून जीभ वर केली. सगळं क्रमाने, न चुकता. जमादार मागे सरकला.

“कितनी बार अंदर गये हो?”

“रोज, साब,” पुंजाराम हात वर ठेवूनच म्हणाला. “छत्तीस साल.”

एरवी मी हसलो असतो. पण जमादार हसला नाही. त्याने शिपायाला दार लावायला सांगितलं आणि मी पुढे होऊन छापखान्याबद्दल बोलायला लागलो तर मला बोटाने गप्प केलं. मग आम्हाला गाडीपाशी नेलं आणि म्हणाला, डिकी खोलो.

इथे मला पहिल्यांदा स्वतःपुरती भीती वाटली. गाडी आठ दिवसांपूर्वी घेतलेली. आधी ती कोणाकोणाकडे होती, कोण जाणे. पुंजारामने तिचे कागद दहा वेळा तपासले होते, पण स्टेपनी उचलून खाली पाहिलं होतं का? मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

शिपायाने डिकीतली चटई काढली. प्रसादाची पिशवी, नारळ, पाण्याची बाटली बाजूला ठेवली. स्टेपनी उचलली. खालच्या खोबणीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते उचललं तेव्हा आत काहीतरी डुचमळलं.

चौकीत नेऊन टेबलावर वर्तमानपत्र उलगडलं. चपटी काचेची बाटली, दारूची असते तसली, अर्धी भरलेली. आतलं पाणी तांबूस.

मीनावहिनींनी माझा दंड धरला. बाटली सापडली की गुन्हा, अटक, बातमी. हे सगळं त्यांनाही माहीत होतं. पाचशेची पावती आता कुठल्या कुठे राहिली होती. मला एकदम आमच्या ऑफिसचा व्हरांडा दिसला, आणि तिथे लोक हळू आवाजात काय बोलत असतील ते ऐकू आलं. त्यात माझंही नाव होतं.

“ये क्या है?” जमादाराने विचारलं.

पुंजारामचे हात अजून वरच होते. “गाडी घेतली तवा आतलं मोजलं नाय मी,” तो मराठीत म्हणाला. “माझी चूक हाय. मोजायला पाहिजे होतं.”

जमादाराने झाकण फिरवलं. ते लवकर फिरेना. त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. शिपायाकडे दिली, त्याने वास घेतला आणि परत दिली. मग जमादाराने एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला. चोळत राहिला. चौकीतला पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला कट् असा आवाज येत होता.

“ब्रेक ऑइल,” तो म्हणाला.

त्याने बोट फडक्याला पुसलं. आधीचा मालक किंवा त्याचा मेकॅनिक, कोणीतरी जुन्या बाटलीत उरलेलं तेल भरून ठेवलं होतं. शिपाई खुर्चीवर बसला. मीनावहिनींची बोटं माझ्या दंडावरून सुटली तेव्हा तिथे दुखतंय हे मला समजलं.

मग जमादाराने माझं ऐकून घेतलं. पुंजारामचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं. पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि कोणती पावती होती, म्हणून विचारलं. पुंजारामने सात आकडी क्रमांक सांगितला, एका दमात. जमादाराने पान काढलं. क्रमांक तोच.

“याद कैसे रहा?”

“नंबर था,” पुंजाराम म्हणाला.

त्याने विचारलं, हात लावू का. जमादाराने पुस्तक त्याच्याकडे वळवलं. पुंजारामने अंगठा जिभेला लावला, आधीचं पान पाहिलं, आपलं पाहिलं, नंतरचं पाहिलं. आकडे लागोपाठ होते. तो ते पुन्हा पाहायला लागला तेव्हा जमादाराने हळूच पुस्तक मिटलं.

“काका, अब सीधा घर जाओ. और हाथ नीचे करो.”

परतीच्या वाटेवर कमानीखाली येताच त्याचा पाय ब्रेकवर गेला. गाडी मंदावली. मागच्या सीटवरून मीनावहिनी अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “थांबू नका.” तो थांबला नाही. घरी पोचेपर्यंत त्याने तीनदा विचारलं, आपल्यामागे कोणती गाडी आहे का.

सोमवारी सकाळी तो माझ्याआधी ऑफिसात होता. त्याने अर्ज लिहून आणला होता. अर्जात गड लिहिलं होतं पण मी सापुताऱ्यास गेलो. परवानगी नव्हती. तिथे दंड झाला. पावती क्रमांक अमुक. मूळ पावती वाऱ्याने गेली, शोधूनही मिळाली नाही. खाली सही. मी म्हटलं, हा देऊ नका, विषय संपलाय. त्याने दिला. त्याच्या विभागाच्या अधिकारी तेजश्री मॅडम, वयाने निकिताएवढ्या. त्यांनी वाचला, तारीख घालून सही केली आणि ट्रेमध्ये ठेवला. काही बोलल्या नाहीत.

त्यांच्या त्या गप्प राहण्याने पुंजारामला पोखरलं. दिवाळी आली, त्याने आकाशकंदील लावला नाही. निकिता चार दिवस येऊन गेली आणि मला जिन्यात थांबवून विचारलं, काका, पप्पांना काही आजार आहे का. दारावरची बेल वाजली की तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचा. टपालवाल्याच्या हातात पिवळं पाकीट दिसलं तर त्याचा रंग उडायचा. वजन साडेतीन किलोने उतरलं. मी दोनदा मॅडमकडे जायचं ठरवलं आणि दोनदा दारातून परत आलो. माझेही पाच महिने उरले होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं.

तीस तारखेला दुपारी मॅडमने त्याला बोलावलं. मला काहीतरी कारण काढून सोबत जाता आलं. टेबलावर त्याची सेवा फाइल होती, छत्तीस वर्षांची, आणि सगळ्यात वर तो अर्ज.

“पुंजारामकाका, बसा,” त्या म्हणाल्या. तो बसला नाही. “मी पूर्ण फाइल वाचली. रजा, बढत्या, वेतननिश्चिती. तुमच्याविरुद्ध यात एकच कागद आहे आणि तो तुम्हीच दिलाय.”

पुंजाराम जमिनीकडे पाहत उभा होता.

“ताकीद दिली असं मी यावर लिहिलंय. तोंडी. झाली ताकीद. दाखल्यावर सही कालच झाली.”

पुंजारामने फाइलीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, “अर्ज फाइलीतच राहील ना, मॅडम?”

“राहील.”

“मग बरं,” तो म्हणाला.

एकतीस तारखेला चार वाजता निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि मोजणी विभागाने छापून दिलेलं मानपत्र, जाड कागदावर. पाच वाजता आम्ही दाराकडे निघालो. दारावर रोजचा जवान होता, सहादू, पुंजारामची वीस वर्षं झडती घेणारा. त्याने हात जोडले आणि म्हणाला की काका, आज काय तुमची झडती घ्यायची, जा सुखाने.

पुंजाराम हलला नाही. मागे रांग थांबली. त्याने मानपत्र माझ्याकडे दिलं, खिसे बाहेर काढले, हात वर केले. सहादूने माझ्याकडे पाहिलं, मग पुढे येऊन नेहमीसारखी झडती घेतली. काखा, कंबर, पोटऱ्या. मानपत्राच्या दोन्ही बाजू पाहिल्या. “ठीक आहे,” तो म्हणाला, आणि तेव्हाच पुंजारामने उंबरा ओलांडला.

बाहेर मीनावहिनी रिक्षा थांबवून उभ्या होत्या. गाडी आता पळशाला त्याच्या थोरल्या भावाच्या अंगणात असते. वारा सुटला होता. मी मानपत्र परत दिलं. त्याने ते दोन्ही तळव्यांवर सपाट धरलं, रिक्षाकडे दोन पावलं गेला आणि थांबला. कागदाचा कोपरा वाऱ्याने उचलला गेला.

त्याने मागे दाराकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली, एकदा, परत एकदा, जाड कागद असल्याने बोटांनी दाबून. शर्टाच्या खिशात घातली. रिक्षा जेल रोडला वळेपर्यंत त्याने खिशावरचा हात काढला नव्हता.